मेथेनीच्या ‘ब्राइट साइज लाइफ’मध्ये कान गिटारकडं जातो की बेसकडं?

गोदाकाठ (नांदेड)
गिटार, बेस आणि ड्रम्स अशा जॅझ त्रिकुटाचा विषय निघाला की हा अल्बम पुढं येतोच. डिसेंबर 1975 मध्ये जर्मनीतल्या लुडविग्सबर्गला रेकॉर्डिंग झालं आणि 1976 मध्ये ईसीएम या रेकॉर्ड कंपनीनं तो काढला. गिटारवर पॅट मेथेनी तेव्हा 21 वर्षांचा, बेसवर जॅको पास्टोरियस 24 चा, ड्रम्सवर बॉब मोझेस. नाव गिटारवाल्याचं आहे, पण माझं स्पष्ट मत आहे की हा अल्बम उभा राहतो जॅकोमुळं. त्याच्या फेंडर कंपनीच्या बेस गिटारला गळ्यावर पडदे नाहीत, त्यामुळं एका सुरावरून दुसऱ्यावर तो घसरत जातो आणि आपल्या मींडेवर वाढलेल्या कानाला ते लगेच पटतं. पियानो नसल्यानं मधे जी जागा मोकळी राहते, ती तो खालून गात गात भरतो. बेस मनातल्या मनात वगळून शीर्षकाची रचना ऐका. मागं काय उरतं?

सोनेरी_महाल (संभाजीनगर)
बरंच उरतं! ती चाल बांधली कुणी? आठपैकी सात रचना मेथेनीच्या आहेत. शीर्षक रचनेत सूर केवढ्या लांब उड्या घेतात, तरी चाल गुणगुणता येते. एकविसाव्या वर्षी असं लिहिणारा माणूस दुसऱ्याच्या आधारावर उभा आहे, हे मला मान्य नाही. ‘युनिटी व्हिलेज’मध्ये तर बेसही नाही, ड्रम्सही नाहीत. मेथेनीनं आपल्याच गिटारवर दुसरी गिटार चढवली आहे. अख्ख्या अल्बममध्ये मी सगळ्यात जास्त वेळा तेच ऐकतो.

बालाघाट_ठेका (अंबाजोगाई)
दोघंही दोनच माणसांबद्दल बोलायलेत. तिसऱ्याचं काय? मी भजनाला तबल्याची साथ करतो, म्हणून माझा कान आधी तिकडं जातो. मोझेस ठेका धरून बसत नाही. झांजेवर लय चालू ठेवतो आणि गिटारचं वाक्य संपतं तिथं मोजकं बोलतो. साथीदारानं मुख्य कलाकाराचा श्वास ओळखायचा असतो, तो त्यानं ओळखलाय. मेथेनी आणि मोझेस दोघंही व्हायब्राफोनवादक गॅरी बर्टनच्या संचात होते, ती सवय इथं कामाला आली असणार.

मिक्सरवाला (परभणी)
ठेकेवाले दादा, मोझेस चांगला वाजवतो हे खरं, पण तो नीट ऐकू येतो का? माझं भांडण ध्वनीशी आहे. ईसीएमचा निर्माता मानफ्रेड आयखरची ती लांबलचक घुमणारी मोकळीक सगळ्यांना आवडते, मला नाही. कार्यक्रमात मी स्वतः इको कमी ठेवतो, कारण जास्त झाला की वाद्याची धार जाते. इथं गिटार इतकी गुळगुळीत झालीय की नखी तारेवर पडल्याचं कळतच नाही. तीन माणसं एका खोलीत घाम गाळून वाजवतायत असं वाटायला पाहिजे. मला तरी ती लांबून वाजवतायत असंच वाटतं.

गोदाकाठ (नांदेड)
मिक्सरवाले, तीच मोकळीक तर मेथेनीची भाषा आहे. तो अमेरिकेच्या मिसुरी राज्यातल्या लीज समिट गावचा. रचनांची नावं बघा: ‘मिसुरी अनकॉम्प्रोमाइज्ड’, ‘ओमाहा सेलिब्रेशन’, ‘मिडवेस्टर्न नाइट्स ड्रीम’. सगळा सपाट, लांबवर दिसणारा मुलूख. अशा संगीताला कोंदट आवाज शोभला नसता.

तुळजाई (धाराशिव)
मी वेगळं सांगते. गिटारचं त्रिकूट ऐकायचं तर त्याच 1975 सालचा गिटारवादक जिम हॉलचा ‘जिम हॉल लाइव्ह’ ऐका. टोरांटोत प्रेक्षकांसमोर रेकॉर्ड केलाय. बेसवर डॉन थॉम्पसन, ड्रम्सवर टेरी क्लार्क. जुन्याच, सगळ्यांच्या ओळखीच्या चाली आहेत, पण तिघं एकमेकांचं ऐकतात ते बघा. गोंधळात संबळ बोलायला लागलं की तुणतुणं जसं आपली तार धरून मागं राहतं, तसा हॉल बेसला वाव देतो. दोन-तीन सूर ठेवतो आणि थांबतो. मेथेनीकडं हा धीर अजून आलेला नाही. सुंदर वाजवतो, पण गप्प राहायला घाबरतो.

सोनेरी_महाल (संभाजीनगर)
ताई, हॉल तेव्हा 44 वर्षांचा होता. तो धीर एकवीसच्या पोराकडं मागणं अन्यायाचं आहे.

तुळजाई (धाराशिव)
वय बघून कान सवलत देत नाही, सर. तुम्हीच वर एकवीस वर्षांचं कौतुक केलंत, मग उणिवेलाही तेच वय लावायचं का?

बालाघाट_ठेका (अंबाजोगाई)
ताईंचा हॉल काल रात्री ऐकला. ‘एंजल आइज’ अप्रतिम आहे. तरी मेथेनी गप्प राहायला घाबरतो हे पटत नाही. शेवटची रचना परत लावा. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या ‘राउंड ट्रिप’ आणि ‘ब्रॉडवे ब्लूज’ या दोन चाली जोडल्यात. कोलमनच्या गाजलेल्या चौकडीतही पियानो नव्हता, सुरावटीला मोकळं सोडायची ती रीत या तिघांनी इथं उचललीय. लय झुलते, मोझेस मोकळा सुटतो आणि गिटार-बेस मागं-पुढं होत राहतात.

मिक्सरवाला (परभणी)
त्या शेवटच्या रचनेबद्दल मी तुमच्या बाजूनं. तिथं खोली ऐकू येते. आख्खा अल्बम तसा का नाही, एवढंच माझं म्हणणं.

गोदाकाठ (नांदेड)
आणि त्या रचनेत खालून सगळं ढकलतोय कोण? जॅकोच! मी माझ्या मतावर कायम आहे. तुळजाई, ‘एंजल आइज’ आज रात्री ऐकतो आणि थॉम्पसनबद्दल उद्या लिहितो.