मदत हवी आहे : आईच्या अहवालातील नाडी-तरंगाचा वेग आणि घोट्याचा आकडा कसा वाचावा?

नमस्कार. आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. माझ्या आईचे वय ६४ असून तिला १७ वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्या नियमित आहेत, गेल्या वेळचे एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ७.९ आले होते आणि रक्तदाबासाठी एक गोळी सकाळी चालू आहे. गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या सभागृहात झालेल्या तपासणी शिबिरात मधुमेहींच्या धमन्या किती ताठ झाल्या आहेत हे नाडीवरून मोजून देत होते, म्हणून तिला घेऊन गेलो. उताणे झोपवून दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्टे बांधले. चारही पट्टे एकदम फुगले तेव्हा आई दचकून उठूच पाहत होती. पाच मिनिटांत छापील कागद हातात आला.

त्यावर रक्तदाब १६२/७४ आहे. दंड ते घोटा नाडी-तरंगाचा वेग उजवीकडे १८४० आणि डावीकडे १९१० सेंटिमीटर प्रति सेकंद आहे. घोट्याच्या आणि दंडाच्या दाबाचे गुणोत्तर उजवीकडे १.०८ आणि डावीकडे १.४४ आहे. सर्वांत खाली लाल अक्षरांत ‘धमन्यांचे वय ७९ वर्षे’ असे छापले आहे, आणि घरात सगळ्यांनी तेवढेच वाचले. हा वेग १० मीटर प्रति सेकंदाच्या आत असावा असे मी वाचले होते. त्या हिशेबाने आईचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. गुणोत्तराबद्दल विचारले तेव्हा तेथील मुलाने सांगितले की १ पेक्षा कमी आले तर काळजी, जास्त आले म्हणजे पाय उत्तम. आईला मात्र हल्ली डाव्या पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही; परवा तलावपाळीला फेरी मारताना ती दहा पावले तशीच पुढे गेली होती.

हा वेग खरोखरच इतका धोक्याचा आहे का, आणि तपासणी पुन्हा करावी का? शिवाय, करोनाच्या काळात घेतलेल्या बोटाच्या ऑक्सिमीटरवर जी लाट दिसते, तिच्यावरून घरी काही समजू शकते का? आईचा स्वतःचा प्रश्न वेगळाच आहे : रक्त एवढ्या जोरात धावत असेल तर ते थोपवायचे कसे?

प्रतिसाद :

मी डॉक्टर नाही. नवी मुंबईतील एका रुग्णालयात रक्तवाहिन्यांच्या तपासणीच्या विभागात बरीच वर्षे तंत्रज्ञ होतो. औषधांविषयी आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे, पण कागद कसा वाचायचा ते सांगतो.

आधी आईंचा प्रश्न. धावते ते रक्त नव्हे, धावतो तो धक्का. संध्याकाळी ठाणे स्थानकाच्या पुलावर मागून रेटा आला की तो पुढच्या माणसापर्यंत क्षणात पोचतो, माणसे मात्र मुंगीच्या पावलांनी सरकत असतात. तसेच हृदयाच्या ठोक्याचा दाब धमनीच्या भिंतीतून रक्ताच्या कितीतरी पुढे निघून जातो. भिंत लवचीक असेल तर ती फुगून धक्का झेलते आणि तरंग रेंगाळतो, ताठ असेल तर तो सुसाट जातो. मोन्स आणि कोर्टेवेग या डच शास्त्रज्ञांनी १८७८ मध्येच हा संबंध समीकरणात मांडला. त्यात वेगाचा वर्ग ताठपणाच्या प्रमाणात असल्यामुळे, बाकी सारे तेच राहिले तर, वेग दुप्पट होण्यासाठी ताठपणा चौपट व्हावा लागतो. मधुमेहात वर्षानुवर्षे वाढलेली साखर भिंतीतल्या कोलॅजेन या प्रथिनाला चिकटून त्याचे धागे एकमेकांना जखडते, त्यामुळे ही अवस्था लवकर येते.

आता आपली गफलत. १० मीटरची मर्यादा मानेतील धमनी ते जांघेतील धमनी या मार्गासाठी आहे, म्हणजे मुख्यतः हृदयातून निघणाऱ्या महाधमनीसाठी. आपल्या आईंचे मोजमाप दंड ते घोटा आहे आणि त्यात पायांच्या स्नायुमय धमन्या येतात, ज्या मुळातच अधिक ताठ असतात. ही पद्धत जपानमध्ये जास्त रुळलेली असून तेथे १८०० सेंटिमीटर ही जोखमीची खूण धरतात. म्हणजे आकडा चढाच आहे, पण दुप्पट वगैरे नाही. त्यातही मोजतेवेळी दाब १६२ होता, आणि दाब वाढला की तीच धमनी त्या घटकेला अधिक ताणली जाऊन वेग वाढतो. आई जिने चढून किंवा चहा घेऊन लगेच झोपल्या होत्या का? निदान दहा मिनिटे शांत पडून राहिल्यावर, चहा-कॉफी व तंबाखू काही तास टाळून घेतलेले मोजमापच पुढच्या मोजमापाशी ताडून पाहता येते. ‘धमन्यांचे वय’ ही त्या यंत्राच्या तक्त्यावरून काढलेली संख्या आहे. ती छापली नसती तर बरे झाले असते.

मला खरी काळजी वाटते ती ज्याला उत्तम म्हटले गेले त्या १.४४ ची. गुणोत्तर १.४ च्या वर गेले तर त्याचा अर्थ बहुधा असा की घोट्याजवळच्या धमनीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचले आहे आणि पट्टा कितीही आवळला तरी ती नीट दबत नाही. दीर्घकाळच्या मधुमेहात हे वारंवार दिसते. अशा पायात रक्तपुरवठा खरोखर अडलेला असला तरी आकडा तो झाकून टाकतो. पायाच्या बोटांतल्या बारीक धमन्या सहसा यातून वाचतात, म्हणून अंगठ्याला छोटा पट्टा लावून तेथला दाब मोजतात. अंगठा आणि दंड यांचे गुणोत्तर ०.७ च्या खाली आले तर पुढे डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहण्याची तपासणी, करावी लागते. निसटलेली चप्पल न कळणे हे नसांच्या बधिरपणाचे लक्षण आहे. त्यात रक्तपुरवठाही कमी असेल, तर लागलेले कळत नाही आणि जखम भरत नाही. हे लांबवू नका, आणि तोवर रोज रात्री तळवे पाहा.

आणखी एक. १६२ वजा ७४ म्हणजे ८८. वरच्या-खालच्या दाबातले हे अंतर साधारण ४० असते. महाधमनी धक्का झेलेनाशी झाली की वरचा दाब चढतो, खालचा उतरतो आणि ते हेलकावे मूत्रपिंड व मेंदूच्या नाजूक वाहिन्यांपर्यंत पोचतात. लघवीतील अल्ब्युमिन (मूत्रपिंड बिघडू लागले की लघवीत उतरणारे प्रथिन) तपासले नसेल तर डॉक्टरांना विचारा. ऑक्सिमीटरचे सोडून द्या. ताठ धमनीत लाटेवरचा दुसरा उंचवटा पुसट होतो हे खरे, पण घरगुती यंत्र लाट पडद्यावर मावेल अशी ताणून दाखवते आणि बोट गार असले तरी तिचा आकार बदलतो.

धागाकर्त्याचा प्रतिसाद :

मनःपूर्वक आभार. आपला तर्क बरोबर निघाला. त्या दिवशी लिफ्ट बंद होती, आई तीन मजले उतरून पुन्हा विसरलेला चष्मा आणायला वर गेली होती, आणि शिबिरात शिरताच तिने चहा घेतला होता. आमच्या डॉक्टरांनी पंधरा मिनिटे झोपवून पुन्हा मोजले तेव्हा दाब १४४/७२ आणि उजवीकडचा वेग १६९० आला. डाव्या अंगठ्याचे गुणोत्तर मात्र ०.५८ आहे, उजव्याचे ०.८२. तळव्याला नायलॉनचा धागा टेकवून पाहिला तेव्हा डावीकडे पाच ठिकाणी तिला काहीच जाणवले नाही. डॉप्लर गुरुवारी आहे. ‘७९ वर्षे’वाला कागद आईने देवघराच्या खणात ठेवला आहे आणि तोही सोबत न्यायचा तिचा आग्रह आहे, शल्यविशारदांना त्यातला डावीकडचा वेग काही उपयोगाचा असतो का, एवढे सांगाल का?