एक्स-रेच्या वेळचं इंजेक्शन कुत्र्याच्या तोंडात सोडलं तर चालेल का?

भुऱ्याची_आई
भुऱ्या आमचा गावठी कुत्रा. नऊ वर्षांचा, 18 किलोचा, मागचा उजवा गुडघा दुखरा. घर लक्ष्मी रोडपासून दोन गल्ल्या आत. गेल्या अनंत चतुर्दशीला पहिलं पथक आलं तसा तो थरथरायला लागला. मग मी डॉक्टरांनी दिलेली ट्रॅझोडोनची, म्हणजे भीती कमी करणारी गोळी तूप-पोळीत गुंडाळून दिली. दोन तास काही नाही. मोरीच्या दाराला नख्या मारून मारून त्याच्या पंजातून रक्त आलं, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. त्याआधी गुडघ्याच्या एक्स-रेसाठी डॉक्टरांनी मांडीत डेक्समेडेटोमिडीन आणि ब्युटोर्फॅनॉल या गुंगीच्या औषधांचं इंजेक्शन दिलं होतं, तेव्हा दहा मिनिटांत मान टाकली होती. शेजारच्या काकू म्हणतात, तेच इंजेक्शन आणून सुईशिवाय तोंडात पिचकारी मार. यंदा नदीपात्रात ढोलांचा सराव सुरूही झालाय. करू का?

निवृत्त_पशुवैद्य
ताई, नका करू. कारण सांगतो.

मांडीच्या स्नायूत रक्तपुरवठा भरपूर, म्हणून तिथलं औषध चटकन रक्तात उतरतं. गिळलेलं औषध आतड्यातून आधी यकृतात जातं, आणि यकृत म्हणजे जकात नाका. काही औषधं तिथून जवळजवळ पूर्ण सुटतात, काहींचं तिथेच पाणी होतं. ब्युटोर्फॅनॉल गिळलं तर फार थोडं पुढे पोचतं. डेक्समेडेटोमिडीनचंही तेच. पण ते गाल आणि हिरडीच्या मध्ये राहिलं, तर हिरडीच्या रक्तातून यकृताला वळसा घालून जातं. फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांसाठी त्याचं हिरडीला लावायचं जेल आहे, 2015 मध्ये युरोपात त्याला मान्यता मिळाली. त्यातलंही साधारण 28 टक्केच रक्तात पोचतं, आणि जेलचा डोस तेवढं धरूनच ठरवलेला असतो. तुम्ही पिचकारी माराल तेव्हा किती हिरडीला लागलं आणि किती गिळलं, हे कोण मोजणार? शिवाय या औषधाने हृदयाचे ठोके मंदावतात, आणि ते तुमच्या हाताच्या कातडीतूनही आत जातं. हातमोज्यांशिवाय हात लावायचं औषध नाही ते.

गेल्या वर्षीची गोळी वाईट नव्हती, उशिरा पडली. ट्रॅझोडोन आवाज सुरू व्हायच्या दीड-दोन तास आधी पोटात हवं. भरल्या पोटी ते रेंगाळतं, आणि घाबरलेल्या कुत्र्याचं पोटही नीट चालत नाही. एकदा भीती चढली की तिच्यापुढे तोच डोस तोकडा पडतो. घासभर पोळीत द्या, अख्खी पोळी नको. आणि मुख्य म्हणजे तुमच्या डॉक्टरांना विचारून, सराव नसेल अशा शांत दिवशी एकदा देऊन बघा. किती वेळाने लागू पडते ते वहीत लिहा.

गुडघ्यासाठी मेलोक्सिकॅम हे दुखण्या-सुजेचं औषध चालू असेल तर ते मात्र जेवणासोबतच. घरातली माणसांची दुखण्याची औषधं, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, मुळीच नको, कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला ती झेपत नाहीत.

कोथरूडकर
डॉक्टरांनी गॅबापेंटिन (दुखणं आणि भीती दोन्हींसाठी देतात ते औषध) दिलं तर कॅप्सूलच घ्या. माणसांच्या काही पातळ गॅबापेंटिनमध्ये झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरायचा गोडवा असतो आणि तो कुत्र्यांना विषारी आहे. बाटलीवरचं सगळं वाचा.

फिट्सवाल्या_लॅबचा_बाबा
आमच्या लॅबला (लॅब्राडोर कुत्र्याला) फिट्स येतात. फिट चालू असताना तोंडात काही घालता येत नाही, आणि फिट थांबवणाऱ्या डायझेपामची गोळी दिली तरी यकृत ती बरीचशी खाऊन टाकतं. डॉक्टरांनी डायझेपामचं द्रव मऊ नळीने गुदद्वारातून द्यायला शिकवलं. एक गोष्ट मला उशिरा कळली: हे औषध सिरिंजमध्ये आधी भरून ठेवायचं नाही, प्लास्टिक ते शोषतं. काचेच्या ॲम्प्यूलमधून त्याच वेळी ओढायचं.

भुऱ्याची_आई
डॉक्टरांशी बोलले, इंजेक्शनचा विचार सोडला. काल दुपारी घर शांत असताना गोळी दिली, अर्ध्या पोळीच्या तुकड्यात. 2:10 ला दिली. 3:20 ला पापण्या जड. 3:45 ला मोरीच्या दाराशी न जाता माझ्या पायाशी आडवा झाला. वहीत लिहिलंय. विसर्जनाला आमच्या गल्लीच्या तोंडाशी पहिलं पथक साधारण किती वाजता येतं, ते आता मंडळाच्या मुलांना विचारून ठेवते.

निवृत्त_पशुवैद्य
उत्तम. त्या वेळेच्या दोन तास आधी द्या, आणि पथक लवकर निघालं तर फोन करायला त्या मुलांना सांगून ठेवा. दुसरी गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.