मदत हवी आहे: ब्लोअरच्या सक्शन लाइनमध्ये पाणी साचतंय

नमस्कार मंडळी,

बायोगॅस शुद्धीकरण प्लांटच्या पायपिंगचं काम सध्या माझ्याकडे आहे. डायजेस्टरपासून (जिथे गॅस तयार होतो ती टाकी) गॅस ओढणाऱ्या ब्लोअरपर्यंत ४० मीटर एचडीपीई (प्लास्टिक) लाइन जमिनीखालून टाकली, उतार १ टक्का धरून. माती दबली की आमचीच भराई कच्ची राहिली, कोण जाणे, पण मधे पाइपला झोळ पडलाय. कच्चा गॅस ओलाच असतो. जमिनीत थंड झाला की पाणी सुटतं आणि तिथेच बसतं. ब्लोअर चालू असताना वर येणाऱ्या पाइपला कान लावला तर चक्क हुक्क्यासारखी गुडगुड, आणि गेजचा काटा नाचतोय.

झोळाच्या जागी कंडेन्सेट पॉट (साचलेलं पाणी गोळा करून बाहेर काढणारं भांडं) बसवावा, की लाइन उकरून पुन्हा उतार द्यावा? मला उकरणंच पटतं, पण साइटवर ऐकतो कोण!

पॉटच ठरला तर वॉटर सीलची (पाणी बाहेर जाऊ देणारा, पण हवा अडवणारा पाण्याचा थर) खोली किती ठेवावी? सक्शन ५० मिलिबार, म्हणजे साधारण ५०० मिमी पाणी. सील त्याहून उथळ असलं तर ब्लोअर ते ओढून घेणार आणि हवा आत. पुढच्या मेम्ब्रेनमध्ये कार्बन डायऑक्साइड वेगळा होतो, पण हवेतला नायट्रोजन मिथेनसोबतच पुढे जातो, नंतर काढणं महाकठीण. वर किती मार्जिन धरता?

(ब्लोअरजवळ कुणीतरी जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) तुकडा जोडलाय. गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड त्याला खाणारच, तो ३१६ एल स्टेनलेस स्टीलमध्ये बदलतोय.)

उकरण्याआधी लाइन नायट्रोजनने पर्ज करूच (आतला गॅस बाहेर ढकलून). पण चालू प्लांटवर असा झोळ कुणी काढलाय का? पाइपखाली वाळू पुरली, की काँक्रीटचे टेकू द्यावे लागले?