Re: पाऊस पडला तरी माद्या उलटून राहिल्या, नरात दोष आहे का?

भाऊ, पाऊस पडून गारवा आला तरी डुकरिणी गाभण न राहता परत माजावर येतायत (उलटतायत), म्हणून लगेच नर डुक्कर बदलायची घाई करू नका. शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला साधारण 45 दिवस लागतात, म्हणजे जूनच्या शेवटी नर मस्त खातोय, अंगावरही जातोय, पण माल, म्हणजे वीर्य, मे महिन्यातला आहे, आणि आपल्याकडचा मे म्हणजे 45 डिग्री. डुकराला घाम जवळपास येतच नाही, 30 च्या वर गेलं की त्याचे हाल सुरू, वीर्यही बिघडतं.

दुसरं, या चर्चेत वर कोणीतरी ताकदीसाठी सरकीची ढेप द्यायला सांगितलं, कृपा करून नराला देऊ नका. त्यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, गाईम्हशींचं पोट ते बरंचसं पचवतं, डुकराला नाही जमत, आणि ते थेट शुक्राणूंवरच घाव घालतं. आपल्या भागात ढेप स्वस्त मिळते म्हणून सगळे हेच करतात, फार वाईट वाटतं बघून. सोयाबीनची ढेप द्या, थोडी जवस भरडून टाका, त्यातलं ओमेगा-3 नराच्या कामाचं आहे. बुरशी लागलेला मका तर अजिबात नको.

उन्हाळ्यात दोन-अडीच किलो खाद्य पहाटे आन् दिवस बुडाल्यावरच द्यायचं, दुपारी खाल्लं की पचवतानाच अंग तापतं. कोंडा जास्त झाला तरी तेच, त्यापेक्षा थोडं तेल बरं. झिंक, सेलेनियम, व्हिटॅमिन ई असलेलं मिनरल मिक्स्चर मात्र मोजूनच, सेलेनियम जास्त झालं तर विष आहे. पाणी सावलीतल्या टाकीचं, गरम पाणी तो पीत नाही.

आता महिनाभर थांबा, जमलं तर वीर्य मायक्रोस्कोपखाली बघून घ्या आन् मगच ठरवा