खापर एकट्या मोबाइलवर नको
किशोरवयीन मुले चिडचिडी का होतात, यावरच्या चर्चेत सगळे खापर केवळ मोबाइलवर फोडले गेले आहे, ते मला अपुरे वाटते; मुलांची हालचाल आणि आहारही पाहायला हवा. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयोगटासाठी दररोज सरासरी 60 मिनिटांची मध्यम ते जोमदार शारीरिक हालचाल सुचवते. आमच्या फोंड्यात मात्र दहावीचे वर्ष लागले की पालकच आधी फुटबॉल बंद करतात, आणि सकाळची पेज टाळून शिकवणीला पळालेले मूल संध्याकाळी गाड्यावरच्या वडापाववर भागवते. (वर जेवताना गुणांची चौकशी आहेच!) निकृष्ट आहार आणि खिन्नता बरेचदा एकत्र दिसतात, पण खिन्न मूल जेवणही टाळते, हे विसरू नये. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास केवळ व्यायामावर न विसंबता टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर पालकांनी स्वतः फोन करावा.