निळी शिडं गेली कुठं? (एंटरप्राइजवाले कोणी आहेत का इथं)

अंबाझरीकर:
पाण्यातलं माणूस कोणी असेल तर सांगा. 1984 ते 86 मी नागपूरला कॉलेजात, एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये होतो. अंबाझरी तलावावर एंटरप्राइज चालवायचो. सव्वातेरा फुटी, प्लायवूडची, निळ्या शिडांची, दोघांची होडी. मी पुढं, जिबची (पुढच्या छोट्या शिडाची) दोरी धरून. मागं सुकाणूवर माझा दोस्त. हिवाळ्यात सकाळी वारा इतका मेलेला असायचा की आम्ही शिडाकडं कमी अन् काठावरच्या धुराकडं जास्त पाहायचो. तो धूर वाकला की मागून ओरड यायची, "खेच बे!" ओली नायलॉनची दोरी तळव्यातून सरकली की जेवताना भाजीचं तिखट झोंबायचं.

मागच्या महिन्यात पोरीकडे हैदराबादला होतो. हुसेन सागरावर शर्यत चालू होती. लेझर होड्या अन् पोट्ट्यांच्या छोट्या ऑप्टिमिस्ट. तासभर उभा राहिलो, निळं शीड एकही दिसलं नाही.

सगळ्यांना एकसारखी होडी, जिंकायचं ते अंगातल्या हुशारीवर, ही गोष्ट एंटरप्राइजमध्येही होतीच. लेझर फार पळते म्हणावं तर तसंही नाही. पोर्ट्समथ यार्डस्टिकमध्ये (होड्यांच्या वेगाची तुलना करायचा तक्ता, आकडा कमी तितकी होडी वेगवान) एंटरप्राइजचा आकडा 1120 च्या आसपास, लेझरचा 1100 च्या. म्हणजे उन्नीस-बीस. मग आमचीच मागं काऊन पडली?

वाऱ्यावरचा:
काका, उत्तर तुमच्या पोस्टमध्येच आहे. 'मागं माझा दोस्त'. एंटरप्राइजला रोज दोन माणसं लागतात. एकाला ताप आला, एकाची परीक्षा निघाली, की होडी काठावर. लेझरला एकटा पुरतो. 1969 मध्ये ब्रूस कर्बीनं फोनवर बोलता बोलता तिचं पहिलं चित्र काढलं होतं, अट एवढीच की गाडीच्या टपावर मावली पाहिजे. हल, म्हणजे होडीचं नुसतं अंग, 59 किलोचा.

दुसरं म्हणजे त्याच हलवर तीन शिडं चढतात: 7.06, 5.76 आणि 4.7 चौरस मीटर. वजन कमी असेल तर छोटं शीड लावा. क्लबला होड्यांचा एकच ताफा ठेवून पोरापासून गड्यापर्यंत सगळे पाण्यात. वर 1996 पासून ऑलिंपिकमध्ये. ऑलिंपिकला असलं की सरकारी होड्या येतात, कोच येतात, नोकरीचं बोलणं निघतं. विष्णू सरवणननं 2023 च्या हांगझोऊ एशियाडला ब्राँझ आणलं ते याच होडीत.

टेकडीरोड:
अंबाझरीत आता जलपर्णीची वन-डिझाइन शर्यत लावा राजेहो. सगळ्या सारख्याच, अन् हलत एकही नाही.

शिडाचा_हिशोब:
ऑलिंपिकचं मला अर्धंच पटतं. फिन नावाची होडी ऑलिंपिकला 1952 पासून होती, टोकियोनंतर काढली. स्टार होडी तर तिथं 1932 ला आली, 2012 नंतर गेली. या दोन्हींच्या शर्यती आजही होतात. उलट डब्लिनची वॉटर वॅग बघा. 1887 मध्ये तिथल्या लोकांनी ठरवलं की पैशाच्या जोरावर कोणी भारी होडी बांधून पुढं जायचं नाही, सगळ्यांची सारखी. ऑलिंपिकशी काडीचा संबंध नाही, तरी ती अजून चालते. मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लबच्या सीबर्ड होड्या तशाच. ज्या पाण्यावर दहा-बारा जण एकाच होडीला चिकटून राहतात तिथं क्लास, म्हणजे होडीची ती जात, टिकतो. तीनवर आला की चौथा माणूस ती घेतच नाही.

आणि 'सारखी' म्हणजे स्वस्त असं समजू नका. माझा मुलगा ऑप्टिमिस्ट चालवतो. पावणेआठ फुटी डबा, 1947 ला क्लार्क मिल्सनं फ्लोरिडात प्लायवूडमधून काढलेला, का तर मुलांना परवडावा. आमच्याकडं वर्षभर वापरलेलं शीड हातात घेतलं तर रुमालासारखं लोळतं, नवं घेतलेला पोरगा त्याच वाऱ्यात चार होड्या पुढं. नियमात दोन्ही सारखी! लेझरमध्येही बांधणाऱ्यांच्या भांडणापायी 2019 ला नाव बदलून आयएलसीए करावं लागलं.

पण तळ्यातलं गाव म्हणून नागपूरला नाक मुरडू नका. नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शिकली अन् हांगझोऊला आयएलसीए 4 मध्ये (लेझरचंच सगळ्यांत छोटं शीड) रौप्य घेऊन आली.

अंबाझरीकर:
सगळ्यांना धन्यवाद. टेकडीरोड, तुझं खरं आहे म्हणूनच राग आला.

वाऱ्यावरच्याचं वाचून थोडा गप्प झालो. मला वाटत होतं एंटरप्राइज मागं पडली. आता आठवून पाहिलं तर 87 ला दोस्त नोकरीला भिलाईला गेला, मी दोन महिने दुसरा गडी शोधला, मग जाणंच सोडलं. होडी बिचारी शेडमध्येच होती. ती काय 1956 ची डिझाइन जुनी झाली म्हणून नव्हती पडली.

काल त्याला फोन लावला. हैदराबादला कुठं भाड्यानं दोघांची होडी मिळते का पाहतो म्हटलं. म्हणे, गुडघे गेले आहेत, पण सुकाणूवर मीच बसीन.