रेडिओवरच्या ट्रॅफिक अपडेटचा आता काही उपयोग उरला आहे का? तुमचे अनुभव लिहा

ठाणे-दादर

नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये भर दुपारी ठाण्याहून दादरला येत असताना टॅक्सीच्या काचेला लावलेला चालक काकांचा मोबाइल उन्हाने इतका तापला की आधी त्याचा पडदा अंधूक झाला आणि मग नकाशाच दिसेनासा झाला. काकांनी निमूटपणे एफएम लावला. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदिकेने सांगितले की विक्रोळीजवळ दक्षिणेकडे जाणाऱ्या बाजूला एक ट्रेलर बंद पडला आहे, पण क्रेन पोहोचली आहे. "क्रेन आली म्हणजे सुटेल आता, एलबीएस रस्त्याला वळायला नको," असे म्हणून काकांनी गाडी द्रुतगती मार्गावरच ठेवली. नकाशाने तो पट्टा लाल दाखवला असता. क्रेनचे काही सांगितले नसते.

त्यावरून २६ जुलै २००५ ची आठवण निघाली. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी मी कार्यालयाच्या गाडीत कलिन्याजवळ अडकलो होतो, मोबाइल लागत नव्हते, आणि पुढे पाणी किती आहे हे कळण्याचा गाडीतला एकमेव मार्ग तो रेडिओ होता. जे अजून कार्यालयातून निघाले नसतील त्यांनी तिथेच थांबावे, असे निवेदक पुन्हापुन्हा विनवत होते. आज सगळ्यांच्या खिशात नकाशा असताना तुम्ही हे अपडेट ऐकता का, ऐकत असाल तर त्यावर विसंबून कधी रस्ता बदलला आहे का?

जुना रेडिओवाला

पुण्यात खासगी एफएम सुरू झाल्यानंतरची काही वर्षे मी एका वाहिनीच्या सकाळच्या कार्यक्रमासाठी हे अपडेट लिहून देत असे, त्यामुळे आतली गोष्ट सांगतो. आमच्याकडे ना हेलिकॉप्टर होते ना कॅमेरे. वाहतूक पोलिसांच्या नियंत्रण कक्षाला एक दूरध्वनी, रस्त्यावरून येणारे श्रोत्यांचे दूरध्वनी आणि खिडकीतून दिसणारा एक चौक, एवढ्या भांडवलावर सगळे चालत असे. माहिती कागदावर उतरवून निवेदकाच्या हाती देईपर्यंत आणि चालू असलेले गाणे संपेपर्यंत वीस मिनिटे सहज जात, आणि तेवढ्यात चौक मोकळाही झालेला असे. शिवाय प्रायोजकाचे नाव घेण्यात जाणारा वेळ कधीकधी कोंडीच्या माहितीपेक्षा मोठा असे, हे श्रोत्यांच्याही लक्षात येत असणारच.

तरीही ते अपडेट आम्हाला फार मोलाचे वाटत असे, त्याचे कारण वेगळे होते. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. २०११ च्या धोरणात वाहतूक, हवामान, परीक्षा, पाणी-वीज अशा माहितीला बातमी मानले जाणार नाही असे स्पष्ट केले गेले. म्हणजे शहरात आज, आत्ता काय घडते आहे हे बोलण्याची आमची मुख्य वाट ट्रॅफिकमधूनच जात असे. मोर्चा निघाला, झाड पडले, जलवाहिनी फुटली, हे सगळे आम्ही "या रस्त्याने जाऊ नका" एवढ्या वाक्यात बसवत असू.

रिक्षावाल्याची लेक

वरचा प्रतिसाद वाचून बाबांची आठवण झाली, कारण ते असे दूरध्वनी करणाऱ्यांपैकी एक होते. रिक्षात मागे दोन स्पीकर होते आणि रेडिओ दिवसभर चालू असे, पण ते अपडेट ऐकत कमी आणि सांगत जास्त. सिग्नलला थांबले की छोट्या मोबाइलवरून "नळ स्टॉपला सिग्नल बंद आहे, मामा हाताने सोडतायत" असे कळवायचे आणि पुढच्या अपडेटमध्ये ते ऐकू आले की मागच्या प्रवाशाला आरशातून पाहून म्हणायचे, "हे मीच सांगितलं." कौतुकाने भाडे सोडून देणारे मात्र नव्हते.

स्पष्टवक्ता

माझे मत उलट आहे आणि ते मी जुन्या आठवणींना मान देऊनच लिहितो. रोज सकाळी विद्यापीठ चौकात वाहतूक संथ आहे हे सांगायला रेडिओ कशाला हवा? जे रोजच असते त्याला अपडेट म्हणत नाहीत. शिवाय मी चौकात पोहोचून अर्धा तास झाल्यावर मला कळते की मी चौकात अडकलेलो आहे. नकाशा निदान किती मिनिटे लागतील ते तरी सांगतो.

जुना रेडिओवाला

@स्पष्टवक्ता, विद्यापीठ चौकाबद्दलची तुमची तक्रार मान्य आहे. सांगण्यासारखे दुसरे काही नसले की आम्ही तोच चौक घ्यायचो.

बव्हेरियातून

मी म्युनिकजवळ राहते. इथल्या गाड्यांच्या रेडिओवर 'टीए' असे बटण असते. ते चालू ठेवले की तुम्ही स्वतःची गाणी ऐकत असलात तरी वाहतुकीची सूचना आली की रेडिओ मध्ये शिरतो आणि सूचना संपली की पुन्हा गाणे सुरू होते. सत्तरच्या दशकापासून या देशात अशी स्वयंचलित सोय आहे. 'डॉइचलांडफुंक' या राष्ट्रीय वाहिनीने २०२० च्या सुरुवातीला नेहमीच्या कोंडीच्या याद्या वाचणे बंद केले, आणि मला ते पटले, कारण देशभरच्या महामार्गांची जंत्री ऐकत बसण्यात अर्थ नव्हताच. पण महामार्गावर कोणी उलट्या दिशेने गाडी घातली तर अजूनही प्रादेशिक वाहिन्यांवर कार्यक्रम थांबवून सांगतात की अमुक दोन गावांच्या मध्ये समोरून गाडी येते आहे, उजव्या कडेने चला आणि कोणालाही ओलांडू नका. ही सूचना मी एकदा स्वतःच्या रस्त्यासाठी ऐकली आहे. त्या क्षणी आमच्या पुढच्या सगळ्या गाड्या एकामागून एक उजव्या मार्गिकेत सरकल्या आणि वेग उतरला. म्हणजे सगळ्यांच्या गाडीत तोच आवाज पोहोचला होता.

स्पष्टवक्ता

@बव्हेरियातून, उलट्या दिशेने येणाऱ्या प्रत्येकाची सूचना आपल्याकडे द्यायची ठरवली तर वाहिन्यांना गाणी लावायला वेळच उरणार नाही.

सायनकर

हे वाचून मोठ्याने हसलो. माझा अनुभव थोडक्यात: सायनचा रेल्वेवरचा पूल १ ऑगस्ट २०२४ पासून बंद झाला, तेव्हा आधीचे काही दिवस रेडिओवर सतत पर्यायी मार्ग सांगत होते आणि आमच्या शेजारच्या काकूंना ते पाठही झाले होते. बाहेरगावहून आलेले आमचे पाहुणे मात्र फोनवर विसंबून थेट अडथळ्यांपाशी जाऊन उभे राहिले. आधी ठरलेल्या बंदची माहिती माणसाच्या तोंडून आलेली बरी, असे माझे मत झाले आहे.

एडिसन, न्यू जर्सी

न्यूयॉर्कमध्ये '१०१० विन्स' ही वाहिनी दर दहा मिनिटांनी, म्हणजे घड्याळात १, ११, २१ वाजून मिनिटे झाली की वाहतूक सांगते. दुसरी '८८०' ८, १८, २८ ला सांगायची. तिचे बातम्यांचे प्रसारण ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाले आणि आमच्या ऑफिसच्या गाडीत त्या दिवशी खरोखर हळहळ व्यक्त झाली. हडसन ओलांडायला जॉर्ज वॉशिंग्टन पूल, लिंकन बोगदा आणि हॉलंड बोगदा असे तीन मुख्य मार्ग आहेत. निवेदक एका दमात तिन्हींची स्थिती सांगतो, पुलाचा वरचा मजला चांगला की खालचा हेही सांगतो, आणि ते ऐकून टर्नपाइकवर असतानाच निर्णय घेता येतो. फोन मला एक रस्ता आखून देतो आणि बाकीचे दोन का नकोत ते सांगत नाही. त्यामुळे मी दोन्ही वापरतो. पत्नीच्या मते मात्र मी दोघांचेही ऐकत नाही.

खोपोलीचा

घाटाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर महामार्ग पोलीस कमानी बसवण्यासाठी किंवा दरडीच्या कामासाठी ठरावीक वेळेचा ब्लॉक घेतात, आणि तो वर्तमानपत्रात व रेडिओवर आधी सांगितला जातो. निघण्यापूर्वी ऐकला तर उपयोग होतो. घाटात शिरल्यावर मात्र मुंबईच्या वाहिन्या खरखरू लागतात, पुण्याच्या अजून नीट लागत नाहीत, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात ट्रक बंद पडलेला असतो. तिथे रेडिओचा भरवसा नाही. नकाशाचाही एक त्रास आम्ही गावकरी दर शनिवारी भोगतो. वर कोंडी झाली की तो सगळ्यांना एकाच वेळी जुन्या रस्त्याकडे पाठवतो, आणि शिंग्रोबाच्या देवळाच्या चढावर तितकीच मोठी रांग लागते. मग गावातल्या माणसाला दुकानातून दूध आणायला रस्ता ओलांडता येत नाही. रेडिओवरचा माणूस निदान "जुना रस्ताही भरला आहे, खालापूरला चहा घेऊन थांबा" असे सांगू शकतो, आणि एकदा एका निवेदकाने हे अगदी याच शब्दांत सांगितलेले मी ऐकले आहे.

ठाणे-दादर

@खोपोलीचा, हा मुद्दा माझ्या मनात नव्हता, आभार. थांबा म्हणून सांगणारा नकाशा मी अजून पाहिलेला नाही.

दुचाकीवाली

चारचाकीवाल्यांचे छान चालले आहे. स्कूटरवर रेडिओ नाही, फोन डिकीत असतो, आणि कानात काही घालून गाडी चालवणे मला पसंत नाही. आमच्याकडे ही जबाबदारी सासऱ्यांनी घेतली आहे. ते सकाळी आकाशवाणी लावून बसतात आणि मी हेल्मेट घालत असताना दारात उभे राहून सांगतात. गणपतीत लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता यांपैकी कोणता किती वाजता बंद होणार हे त्यांना पोलिसांच्या आधी ठाऊक असते, असा त्यांचा दावा आहे.

रिक्षावाल्याची लेक

@दुचाकीवाली, सासऱ्यांना विचारून सांगाल का, यंदा विसर्जनाच्या आदल्या रात्री अलका चौकातून डेक्कनकडे रिक्षा सोडतात की नाही? भावाला भाडे आहे.

दुचाकीवाली

विचारले. ते म्हणतात की पोलिसांचे पत्रक निघाले की कळवतो, तोपर्यंत भावाने आगाऊ पैसे घेऊ नयेत.